मला चावला तो कवड्याच होता!

साप ओळखावा तर मीच! सन चौपन्नात, आरमोरीजवळच्या आमच्या गावात हे मी छाती ठोकून सांगत असे. शाळामास्तर होतो ना! मण्यार जहाल विषारी, आणि दिसायला तिच्यासारखाच कवड्या अगदी निरुपद्रवी. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात, मण्यारीचं उलट. इतकं सोपं!

एका दुपारी धान साठवायच्या ढोलीमागे पडलेलं सूप पायानं ओढायला गेलो आणि अंगठ्याला कचकन चावा! वाकून पाहिलं. मानेपासूनच पांढरे पट्टे. कवड्या! हर्षानं ओरडलो, "अगं, मला साप चावला!"

तिथंच चुकलं.

"अवो माय वं! मण्यार डसली!" आमच्या बायकोनं, नीलाबाईनं असा टाहो फोडला की शेजारून तिचा भाऊ भैयाजी बैलाचं दावं घेऊनच धावत आला.

"जवाईबापू, हालू नका! इख चढते!" म्हणत त्यानं गुडघ्याखाली ते दावं असं आवळलं, जसा काही मी बाजारात विकायचा गोऱ्हा!

"अहो भैयाजी, कवड्या आहे तो! विष नाही त्याला!"

"बडबडून राह्यले," तो बहिणीला म्हणाला. "डोक्यात चढलं वाटते."

मग कडुनिंबाचा पाला आला. विष भिनलं की तो गोड लागतो म्हणे! मूठभर पाला तोंडात कोंबला.

"कडू आहे! कडू!" मी तोंड वेडंवाकडं करत ओरडलो.

"पाहा, तोंड वाकडं झालं!" नीलाबाईनं हंबरडा फोडला.

मी संतापलो, तर म्हणे डोळे लाल झाले! कंटाळून डोळे मिटले, तर फाडकन गालात बसली!

"झोपू नका, जवाईबापू!" भैयाजी म्हणाला. लग्नापासून हा माणूस या संधीची वाट पाहत असावा!

साप मडक्यात, मी बैलगाडीत, अशी आमची वरात आरमोरीला दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी मडक्यात डोकावून पाहिलं. "कवड्या. बिनविषारी."

त्यांना मिठीच मारणार होतो! पण त्यांची नजर पायावर गेली. पाय नव्हताच तो, भोपळा होता. निळाजांभळा!

"हे कोणी बांधलं?" ते कडाडले. "आणखी उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता!"

भैयाजी मडकं उचलून बाहेर सटकला.

गावी परतलो तर अंगणात ही गर्दी! मी गाडीतूनच गरजलो, "डॉक्टर स्वतः म्हणाले, साप बिनविषारी होता!"

"बिनविषारी असता त पाय एवढा सुजला असता काय?" नीलाबाईनं विचारलं.

साऱ्या गावानं माना डोलावल्या. भैयाजीनं जावयाचा जीव वाचवला म्हणून त्याला शेला, नारळ! आणि मला? लंगडत घरात जायची परवानगी!

सूज उतरते न उतरते तोच पलीकडचा सोमाजी धापा टाकत आला. "मास्तर, चाला! गोठ्यात साप हाय. हातानंच धरा!"

"हातानं? का बरं?"

"तुमी एवढं इख पचवलं! तुमाले आता चढत नाई ना!"

नको नको म्हणताना लोकांनी मला गोठ्यात ढकललं. कोपऱ्यात काहीतरी फुस्स करून उभं राहिलं.

"कोणता हाय, मास्तर?" बाहेरून सोमाजीनं विचारलं.

"नाग! अस्सल नाग!" मी ठणकावून सांगितलं.

ओळख अगदी अचूक होती. फक्त मी ती गोठ्याच्या छपरावरून सांगितली. लंगड्या पायानं तिथवर कसा चढलो, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.