महिनाभर बंद ठेवलेली गोळी

टेलरमास्तरांनी शेजारच्या वकिलांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची मापं वहीत न लिहिता डोक्यात ठेवणारा माणूस! वकील भले गृहस्थ. "एक हात वर धरला की छान बसतो," म्हणाले आणि तसेच कोर्टात गेले.

मास्तरांच्या बायकोनं मात्र गुन्हेगार हुडकला. "ती मेली कोलेस्टेरॉलची गोळी! ती आली नि ह्यांचं विसरणं आलं."

"काही जणांना तसं वाटतं खरं," दवाखान्यात दोघांना समोर बसवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण पक्कं सांगता येत नाही. महिनाभर गोळी बंद ठेवून बघू. फरक पडला, तर गोळीवर संशय."

"आणि नाही पडला तर?"

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण उगाच काढलं, लावलं. "मग पुढच्या तपासण्या."

'पुढच्या' म्हणजे काय, ते बायकोला न सांगता कळलं. तिची थोरली बहीण शेवटची दोन वर्षं तिला 'अहो सिस्टर' म्हणत होती.

घरी आल्या आल्या तिनं गोळ्या बटणांच्या डब्यात लपवल्या आणि रोज सकाळी मास्तरांची परीक्षा घ्यायला लागली. "वकिलांची कंबर?"

"अडतीस."

"काल चाळीस म्हणालात!"

"बारीक झाले असतील बिचारे. कोर्टाची दगदग."

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी शर्टाला तोंड नसलेला खिसा शिवला. चौथ्यात कधी नव्हे ती वही पुढ्यात घेऊन, तिच्याच खांद्यावर टेप धरून अदबीनं विचारलं, "कुणाच्या नावावर लिहू, बाई?"

"लिहा तुमच्याच," ती म्हणाली, आणि न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून बसली.

महिना संपला. मन घट्ट करून तिनं बटणांच्या डब्यातली गोळ्यांची पाकिटं, न उघडताच, परत करायला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी उघडून बघितली, तर रिकामी!

"एकही दिली नाही हो मी!"

"मीच घेतल्या की," मास्तर म्हणाले. "रोज बटणं काढताना दिसायच्या. म्हटलं, आजची राहिलीच! एक दिवस चुकवला नाही."

"अहो, बंद करायची ठरली होती ना?"

"कधी?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मग ह्या महिन्यावरून काहीच कळणार नाही."

बायको ताडकन उठली. "म्हणजे अजून गोळीच असू शकते?"

"तसं... असू शकते."

"मग अजून एक महिना द्या!" ती हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती.

मास्तर कावरेबावरे झाले. "माझं काही चुकलं का गं?"

"नाही हो," ती म्हणाली. "अगदी वेळेवर विसरलात."