पेटीतली रत्ना

"आता सांगतो त्यावर विश्वास ठेवणारा माणूस मनोरपासून तारापूरपर्यंत सापडायचा नाही," असं पुंजारामने कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आधीच जाहीर केलं. समोर दिग्विजयसाहेब लॅपटॉप उघडून बसले होते, आणि शेजारी पॅकिंगची हेतल डबा खात होती.

भानगड होती कॅन्टीनच्या दारावर टांगलेल्या वायफायच्या पेटीची. वायफाय मध्येच दम सोडायचं, म्हणून पेटीतून काय जातं-येतं त्याचं रेकॉर्डिंग ठेवायचं काम पुंजारामकडे आलं होतं. रेकॉर्डिंगची फाईल पेटीच्याच पोटात साठते. ती लॅपटॉपवर उतरवायची, पेटीतली पुसायची, मगच दुसरी सुरू करायची. पुंजाराम पहिलीच पुसेना. ती आषाढातली होती आणि तीत 'रत्ना' नावाच्या फोनची नोंद होती. त्याची बायको रत्नाबाई याच कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायची, श्रावणात गेली. लॅपटॉपवर उतरवून घे, मग पूस, असं साहेबांनी परोपरीने समजावलं. पुंजारामचं म्हणणं, ती लॅपटॉपखाली कधी उभी राहिली नव्हती, या पेटीखाली राहायची.

मग व्हायचं तेच झालं. नव्या फायलींनी पेटीचं पोट फुगलं, वायफाय बसलं, पॅकिंगचे स्कॅनर मुके झाले आणि ट्रकांची रांग, पुंजारामच्या हिशेबाने, बेटेगावच्याही पुढे गेली. ड्रायव्हरांनी म्हणे रस्त्यातच भात शिजवला. साहेबांनी वैतागून पेटीचा प्लग उपसला आणि पुन्हा खोचला. पेटी जागी झाली ती रिकाम्या पोटी. आषाढ पुसला गेला. त्या दिवशी पुंजाराम जेवला नाही.

आणि दुसऱ्याच दिवसापासून, नेमकं जेवणाच्या सुट्टीत, नव्या फायलींत 'रत्ना' यायला लागली. जुनाच पासवर्ड सांगायची, पेटी नको म्हणायची, की ही पुन्हा तोच सांगायची.

"हा फोन कोण सारखा धडकवतोय? कायमचा ब्लॉक करून टाकतो," साहेब आज लॅपटॉपवर ती फाईल बघत म्हणाले.

"नका साहेब. फोन बंद हाये. सालवडला घरी, ट्रंकेत, तिच्या लुगड्यांखाली. चपात्यांची वेळ झाली की ती येते. आपण दिवाळीत पासवर्ड बदलला, तिला कोण सांगणार?"

साहेबांचं बोट बटणावर थांबलं. त्यांनी मान वर करून पेटीकडे पाहिलं, मग तिचा लुकलुकणारा दिवा बघत बसले.

हेतलने डब्याचं झाकण लावलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "तो फोन तुमच्या खिशात हाय. रोज मीच नाय का चार्जिंगला लावून देत?"