तात्या आणि प्रश्नोत्तरं

आमच्या गल्लीतले तात्या वर्षातून तीनच दिवस कडक इस्त्रीत दिसतात. कोल्हापुरात दरवर्षी राजकीय विचारांचा महोत्सव भरतो, ते हे तीन दिवस. भाषणं, परिसंवाद, मधल्या चहाला पुढाऱ्यांबरोबर सेल्फी. तात्यांना यातलं काहीच नको असतं. भाषणात ते डोळे मिटून बसतात. निवेदिका "आता प्रश्नोत्तरं" म्हणाली की टक्क जागे होऊन माईककडे निघतात.

तात्या एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे खरं तर त्यांना माईक लागतच नाही. तरी मागतात. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या म्हटलं की भडकतात. "पावणं, चिठ्ठी तुम्ही वाचणार. तितं आवाज माझा जायला पायजे. विषय कट!" उत्तर मनासारखं मिळालं तरी विषय कट, नाही मिळालं तरी विषय कट.

शेजारधर्म म्हणून मी सोबत जातो आणि दरवर्षी शरमेनं अर्धा होतो, कारण तात्यांचे प्रश्न भलतेच असतात. सहकारावरच्या परिसंवादात त्यांनी विचारलं, "शिरोळ भागात पुरानं घरांची काय गत झाली? उदाहरणार्थ, नदीकडच्या निळ्या दाराच्या घराची?" सभागृह खो खो हसलं. व्यासपीठावरचे एक ज्येष्ठ पुढारी मात्र गंभीरपणे म्हणाले, "पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. म्हशी वेळेत हलवल्या."

"आभारी हाय. विषय कट!" तात्या बसले.

पुढच्या वर्षी लोकशाहीवर चर्चा. तात्या उठले. "खेड्यातल्या मुलींच्या शिक्षणाचं काय? म्हंजे नर्सिंगला गेलेल्या?"

तेच पुढारी म्हणाले, "दुसऱ्या वर्षाला आहे. फर्स्ट क्लास मिळाला."

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. चहाला तात्यांना गाठलं. "ते कोण तुमचे?"

"थोरला भाऊ," कपात बघत ते म्हणाले. "पंचायतीच्या इलेक्शनला दोघं दोन पॅनलला हुतो. भर सभेत एकमेकाचा बाप काढला. बाप तर एकच की ओ! तवापास्नं बोलणं बंद."

"मग हे काय चालतं?"

"हे बोलणं न्हवं. हा नागरिकाचा अधिकार हाय."

यंदा या थोरल्या भावाची, दादांची, बायपास झाल्याचं तात्यांना वर्तमानपत्रातून कळलं. महिनाभर माणूस कुणाशी धड बोलला नाही. दादा महोत्सवाला येतात की नाही, एवढाच घोर त्यांना लागला होता. दवाखान्यात जाऊन या म्हटलं, तर मान फिरवायचे.

शेवटच्या दिवशी दादा आले. दोघांनी धरून आणलेले, सदरा अंगात ढगळ झालेला. परिसंवाद युवकांवर होता. तात्या माईक घेऊन उभे राहिले. "जिल्ह्यातली आरोग्य व्यवस्था... म्हंजे साठीच्या पुढच्या... हार्टचं ऑपरेशन झालेल्या..." आणि अडकलेच. सभागृह हसायच्या तयारीत होतं.

"दादा, जेवान जातंय काय रं तुला?"

निवेदिका म्हणाली, "कृपया विषयाला धरून विचारा."

दादांनी समोरचा माईक ओढला. "जातंय थोडं थोडं. लांबनं काय इचारतोस, तात्या? वर ये की."

तात्यांनी माईक माझ्या हातात कोंबला आणि पायऱ्या चढले. दादांनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही.

"सर, आपला प्रश्न?" निवेदिकेनं मला विचारलं.

"विषय कट!" मी म्हणालो. आणि माईक परत देऊन खाली बसलो.