दोन तापट प्रोसेसर

अंबरपेठेत माझ्याइतका तल्लख गुप्तहेर दुसरा नाही. पहिलाही मीच आहे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्याकडे तोंड असतानाही मागच्या बाकावर चिंच कोण चोखतंय हे ओळखणारा माणूस निवृत्त होतो, त्याचं डोकं होत नाही. मी एकनाथराव. माझी बायको त्रिवेणी मला नुसतं 'अहो' म्हणते, पण त्यात आदर असावा असा माझा तर्क आहे.

प्रकरण नातीचं, केतकीचं. कॉलेजसाठी तिला अ‍ॅनिमेशनची फिल्म करायची होती, म्हणून नवा कॉम्प्युटर ती स्वतःच जोडत होती. तिने आठ कोरचा प्रोसेसर आणला होता. तुलना करून बघायला शेजारच्या सारंगने आपला सोळा कोरचा दिला होता. सोळावाला सरस ठरला तर दुकानदार तिचा बदलून देणार होता, पण आज संध्याकाळपर्यंतच.

आता मुलांनो, प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. कोर म्हणजे त्यात बसून गणितं सोडवणारी पोरं. आणि ओव्हरक्लॉकिंग म्हणजे त्याच पोरांना ठरल्यापेक्षा जोरात पाढे म्हणायला लावणं. पोरं तापतात. म्हणून त्यांच्या डोक्यावर उष्णता ओढणारी पेस्ट लावून कूलर बसवतात.

आमची पोरं तापून थेट बेशुद्ध पडत होती. आठवाला असो की सोळावाला, वेग वाढवला की कॉम्प्युटर बंद!

"दोघंही सारखेच मरतात! तुलना कशाची करू, आजोबा?" केतकी रडकुंडीला आली.

मी टीव्हीचा रिमोट हातात घेतला. विचार करताना हातात काहीतरी लागतं. त्याचं दुकानातलं प्लास्टिक अजून शाबूत आहे. आमच्याकडे ते आपोआप फाटेपर्यंत कुणी काढत नाही.

"मे महिना," मी म्हणालो. "गुन्हेगार ऊन आहे."

केतकीने एसी लावला. मला सर्दी झाली, कॉम्प्युटर बंद पडला.

"मग वीज कमी पडतेय."

फ्रिज काढून त्या प्लगवर कॉम्प्युटर लावला. आइस्क्रीम वितळलं, कॉम्प्युटर बंद पडला.

आता एकच संशयित उरला, आणि तो समोरच बसला होता. "सारंग, टेबलावर उस्मानिया बिस्किटांचा चुरा सापडलाय."

"तुमच्या शर्टावर पण आहे, आजोबा."

"सराईत माणूस असाच संशय दुसऱ्यावर ढकलतो. तू बिघडलेला प्रोसेसर दिलास."

"मग तिचा का बंद पडतोय?"

"संसर्ग."

सारंगचा चेहरा उतरला. "हौ, मीच चोर. नक्को मला ही तुलना. माझा प्रोसेसर द्या, मी जातो."

"लाइट घे ना रे! आजोबांचं काय मनावर घेतोस?" केतकीने त्याला अडवलं आणि माझ्याकडे वळली. "दुकान बंद व्हायला आलंय, आणि तुम्ही माझा मित्रपण घालवताय!"

तेवढ्यात त्रिवेणी नाक फेंदारत आत आली. "नवं पातेलं कोण तापवतंय?"

"पातेलं?"

"अहो, बेगम बाजारातून पातेलं आणलं की त्याचं लेबल मी गॅसवर तापवून काढते ना, अगदी तसला वास येतोय." वास घेत घेत ती कॉम्प्युटरपाशी थांबली. "बघ गं, ह्याच्या बुडाला काही चिकटलंय का?"

"आजी, कूलरच्या बुडाचं प्लास्टिक मी सुरुवातीलाच काढलंय."

तरी केतकीने कूलर उचलला. बुडाला पारदर्शक प्लास्टिक होतं. प्रोसेसर बदलताना ते पेस्टखाली दिसलं नव्हतं, आता तापून सुरकुतलं होतं.

"हे परत कुणी लावलं?"

तिघंही माझ्याकडे बघू लागले.

"तू पेस्ट शोधायला गेलीस, तेव्हा कूलर माझ्या हातात होता," मी शांतपणे म्हणालो. "नवी कोरी वस्तू, बूड उघडं. ओरखडे नसते पडले? मी नीट पुसून लावलं. एकही बुडबुडा नाही."

बुडबुडा नव्हता, हे सारंगनेही मान्य केलं.

उष्णता अडवणारं प्लास्टिक निघालं आणि दोन्ही प्रोसेसर न थांबता धावले. आठवाल्याने वेग जास्त घेतला, पण फिल्मचा तुकडा सोळावाल्याने आधी तयार केला. सारंगची मी माफी मागितली आणि बिस्किटांचा अख्खा पुडा त्याच्या हातात ठेवला. पुडा केतकीच्या हातात देऊन त्याने स्कूटर काढली, आणि दुकानाचं शटर पडायच्या आत दोघं तिथे पोचले.

गुन्हेगार घरातलाच निघणार, हा माझा पहिल्यापासूनचा अंदाज होता. बोललो नव्हतो इतकंच.

त्रिवेणी आता रिमोटकडे टक लावून बघतेय. त्याचं प्लास्टिक मात्र कुणी काढायचं नाही. तो पुरावा आहे.