पहिल्या घासाचा मानकरी

आमच्या करंजगावात लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेण्याचा मान एका गिनीपिगकडे होता, आणि त्यांनी घास घेतल्याशिवाय पानाला कोणी हात लावत नसे. त्यांचं नाव दाजी.

बाहेरगावच्या लोकांना कारण सांगावं लागतं, म्हणून सांगतो. पूर्वी हा मान वरच्या आळीचा की खालच्या आळीचा, यावर एकोणीस वर्षं भांडण चाललं. पानं वाढलेली असायची, भातावरचं तूप थिजायचं, आणि दोन्ही आळ्यांचे कर्ते पुरुष एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून बसायचे. शेवटी ठरलं, की ज्याची गावात कोणाशीच सोयरीक नाही, ज्याला भावकी नाही, अशालाच मान द्यायचा. माणसांत असा कोणी निघेना. मथुराताई केंजळ्यांकडे मात्र तालुक्याच्या बाजारातून आणलेलं एक गिनीपिग होतं. देवळात सभा झाली, दोन्ही आळ्यांनी हात वर केले आणि प्रश्न मिटला.

मी गावच्या मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक. पंगतीचे नियम मीच लिहिले आहेत. पहिला नियम, मानकरी एकदा पानावर बसला की घास घेतल्याशिवाय उठू शकत नाही. तो उठला तर सगळी पंगत उठते. दुसरा, मानकरी पानावर आहे तोवर त्याचा मान कोणालाही काढून घेता येत नाही. तिसरा, मानकऱ्याच्या पानावर इतरांच्या पानावर असतं तेच वाढायचं, गवत वाढायचं नाही, कारण त्यात अपमान आहे. हा तिसरा नियम खास माझ्या डोक्यातून निघाला होता आणि त्याचा मला बरेच दिवस अभिमान होता.

वरच्या आळीच्या दत्ताजी शेडग्यांच्या मुलीचं लग्न होतं. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तीनशे दहा पानांची पहिली पंगत बसली. मथुराताईंनी दाजींना रांगोळी काढलेल्या पाटावर ठेवलं. पानावर वरण-भात, अळूची भाजी, पुरी, जिलबी, सगळं रीतसर होतं. दाजींनी वास घेतला, दोन शितं तोंडात धरली आणि खाली टाकली. मी थोडा वेळ थांबलो. त्यांनी जिलबीचा तुकडा उचलला आणि तोही टाकला. त्यांची हनुवटी ओली दिसत होती.

मी वाकून मथुराताईंना विचारलं, की हे कधीपासून चाललंय. त्या अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. गावातल्या निम्म्या पोरांची वजनं त्यांनी केली होती, आणि दाजींचंही वजन त्या दर सोमवारी बाळांच्या कार्डावर लिहीत. ते कार्ड त्यांनी पिशवीतून काढून माझ्या हातात दिलं. महिन्यापूर्वी अकराशे ग्रॅम, या सोमवारी साडेआठशे. रेघ खाली लाल पट्ट्यात गेली होती.

"चार दिवस झाले, तोंडाशी नेतात आणि टाकतात," त्या म्हणाल्या. "कालपासून लेंडीसुद्धा नाही."

मी विचारलं, की मग सांगितलं का नाही. त्यांनी कार्ड परत घेऊन पिशवीत घातलं. उत्तर मला ठाऊक होतं. मथुराताई एकट्या राहतात. दाजींना मान मिळण्याआधी त्यांना वर्षाकाठी एखाद्या लग्नाचं बोलावणं यायचं, तेही आयत्या वेळी. आता प्रत्येक पत्रिकेवर दाजींच्या खाली त्यांचं नाव छापलेलं असे.

जनावरांच्या डॉक्टर निगार मुजावर त्या दिवशी खालच्या आळीत म्हशींना लस टोचायला आल्या होत्या. निरोप मिळताच त्या गमबूट घालूनच आल्या. बूट दाराशी काढून त्या पाटापाशी बसल्या आणि कान तपासायच्या बत्तीने दाजींच्या तोंडात बराच वेळ पाहत राहिल्या. तीनशे दहा माणसं पानांपुढे ताटकळत होती. वऱ्हाड नदीपलीकडचं होतं. त्यांच्याकडे हा मान कासवाला आहे, त्यामुळे त्यांना थांबायची सवय होती आणि त्यांनी मुळीच कुरकुर केली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात, आणि दिवसभर गवत चावलं तरच झिजतात. दाजींच्या खालच्या दाढा आतल्या बाजूला वाढून जिभेवर आल्या होत्या. जीभ त्यांच्याखाली अडकली होती, म्हणून घास आत जात नव्हता. पोट रिकामं राहिल्यामुळे आतडीही थांबत आली होती. तालुक्याला नेऊन, भूल देऊन दाढा घासाव्या लागतील, आणि ते आजच व्हायला हवं.

"मावशी, यांना गवत देत नव्हता का?" त्यांनी विचारलं.

मथुराताईंनी माझ्याकडे पाहिलं. लग्नसराईत दाजींना दिवसाला दोन-दोन पंगती असत, आणि मथुराताई घरीही नियम पाळत. मी डॉक्टरांना सांगितलं, की गवत न देण्याचा नियम माझा आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांचा मान राखायला मी नियम केला, त्यांनाच मी चार वर्षं शिरा-पुरी घालून उपाशी मारत आणलं होतं.

डॉक्टर दाजींना उचलायला गेल्या तेव्हा मला त्यांना थांबवावं लागलं. दाजी घास न घेता उठले असते तर पंगत उठली असती, आणि शेडग्यांच्या मुलीच्या लग्नातून तीनशे माणसं उपाशी गेली असती. दत्ताजी घाम पुसत उभे होते. डॉक्टरांनी मला वेड्यात काढलं नाही, हे मी नमूद करतो. त्यांनी नियम नीट ऐकून घेतला आणि विचारलं, की सिरिंजने भरवलेला घास चालेल का. त्यांच्या गाडीत गवताची पूड होती. ती पाण्यात कालवून, त्यात आवळ्याचा रस घालून ओठांच्या कडेने थोडी आत सोडता आली असती, आणि प्रवासापुरता पोटाला आधारही झाला असता.

प्रश्न वाजवी होता. दुसऱ्याने भरवलेला घास हा खाणाऱ्याचा धरायचा का, याला आमच्याकडे एकच आधार आहे, तो म्हणजे उष्टावण. बाळाला पहिला घास मामा भरवतो, आणि तो घास बाळाचाच धरतात. म्हणून मी सांगितलं, की चालेल, पण भरवणारा मामा हवा.

दाजींना मामा नव्हता. त्यांना कोणीच नव्हतं, त्यावरच तर त्यांना मान मिळाला होता. नवरदेवाच्या चुलत्यांनी आपलं नाव पुढे केलं, पण नुसत्या चांगुलपणाने कोणी मामा होत नाही. मामा व्हायला आधी आई लागते.

हे मी बोललो, आणि मथुराताईंनी पदर खोचला. त्या पंगतीकडे वळल्या. सोळाव्या पानावर त्यांचे भाऊ भास्करराव बसले होते. तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला त्यांनी सगळ्यांदेखत दाजींना उंदीर म्हटलं होतं, आणि तेव्हापासून बहीण-भावांत बोलणं नव्हतं.

"वहीत लिहा," मथुराताई मला म्हणाल्या. "दाजी माझा मुलगा आहे."

मला माझं काम करणं भाग होतं. मी त्यांना सांगितलं, की हे लिहिल्यावर दाजींना भावकी लागेल आणि पानावरून उठताक्षणी मान जाईल. पुन्हा मिळणार नाही. पत्रिकेवर त्यांचं नाव येणार नाही, आणि कदाचित तुमचंही.

"माहीत आहे मला. तुम्ही लिहा."

दत्ताजींनी हरकत घेतली. केंजळे खालच्या आळीचे. म्हणजे आपल्या मुलीच्या लग्नात पहिला घास खालच्या आळीला जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी दुसरा नियम वाचून दाखवला. मानकरी पानावर आहे तोवर तो मानकरीच असतो, मधल्या काळात त्याला आई मिळाली तरी. दत्ताजींनी पंगतीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि हरकत मागे घेतली. मी वहीत लिहिलं: दाजी, आई मथुरा केंजळे (आई अविवाहित). मथुराताईंनी सही केली.

मग सगळे भास्कररावांकडे बघू लागले. त्यांना नकार देता आला असता, मामाने भरवलंच पाहिजे असा काही नियम नाही. ते उठले, नळावर हात धुऊन आले आणि पाटासमोर मांडी घालून बसले. बोटातली सोन्याची अंगठी काढून त्यांनी ती उष्टावणाला बुडवतात तशी त्या हिरव्या कालवणात बुडवली. डॉक्टरांनी सिरिंज कशी धरायची ते दाखवलं.

"ये रे बाळा," ते म्हणाले, "मामाच्या हातचं खा."

दाजींनी डोळे मिटले. घशापाशी हलल्यासारखं झालं. डॉक्टरांनी मान हलवली, मी वेळ लिहिली, दोन वाजून दोन मिनिटं, आणि तीनशे दहा हात पानांकडे गेले. थिजलेल्या तुपाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मथुराताई, भास्करराव आणि डॉक्टर गाडीत बसेपर्यंत मी दारात उभा होतो. दाजी मथुराताईंच्या पदरात होते.

दाढा तीनदा घासाव्या लागल्या. महिनाभर मथुराताई दर तीन तासांनी सिरिंज भरत होत्या, आणि दुपारची पाळी भास्करराव सांभाळत होते. कार्डावरची रेघ आधी सपाट झाली, मग वर गेली. आता वजन एक हजार चाळीस आहे. यंदा भाऊबीज मथुराताईंच्या घरी झाली. तिसरा नियम मी माझ्या हाताने खोडला.

मान सध्या नदीपलीकडच्या कासवाकडे आहे, करारावर. त्याच्याबद्दल कोणत्याच आळीची तक्रार नाही. दाजींना आता केंजळ्यांच्या घरचे म्हणून बोलावणं येतं, 'सहकुटुंब' लिहून, आणि मथुराताईंना त्यांच्या आई म्हणून. त्यांचं पान मी मामांच्या पानाशेजारी मांडतो आणि त्यावर फक्त गवत वाढायला सांगतो.

कासवाला घासापर्यंत पोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तोवर तीनशे माणसं हात आवरून बसतात. कार्यालयात एवढी शांतता असते, की दाजींच्या गवत चावण्याचा आवाज पार शेवटच्या पानापर्यंत ऐकू येतो. नियमभंग तो नियमभंग, म्हणून मी दर लग्नात वहीत नोंद करतो: दाजी केंजळे, मानकऱ्याच्या आधी जेवले. मथुराताई जवळ येऊन ती ओळ वाचतात, आणि खाली मला साक्षीदार म्हणून सही करायला लावतात.