पाटीलकाकांची पाळी

मार्चमधला एक रविवार, सकाळचे साडेदहा. दुकानदाराने फोनवर सांगितलेली दुरुस्तीची रक्कम दोन हजार आठशे. हजर : मी, माझी बायको सुनीता, मुलगी केतकी आणि न बोलावता आलेले शेजारचे पाटीलकाका. काकांचा तळहात अडून बसलेल्या लॅपटॉपच्या पाठीवर होता.

कुठलंही यंत्र दिसलं की काका आधी असा हात लावतात. आमच्या उधन्याच्या बिल्डिंगची लिफ्टसुद्धा ते दाराला हात लावून, ‘बरी आहे’ असं ठरवूनच वापरतात. मूळचे धुळ्याकडचे. पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. आता निवृत्त, समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे.

लॅपटॉप केतकीचा. पडदा चालू, पण सगळं जागच्या जागी थिजलेलं. बटण मी चाळीस सेकंद दाबून धरलं, घड्याळ लावून. सात वेळा. तो ना बंद होई, ना पुन्हा सुरू होई. आत तिचा सहा महिन्यांचा प्रोजेक्ट होता, आणि तो सोमवारी दहा वाजता कॉलेजात दाखवायचा होता. दुसरी प्रत? पेनड्राइव्हवर, जानेवारीतली.

“पप्पा, दुकानात चला ने,” केतकी तिच्या गुजराती वळणाने म्हणाली.

पण दुकानदाराने रकमेच्या जोडीला एक वाक्य सांगितलं होतं, “डेटा जाय तो अमारी जवाबदारी नहीं.” त्या वाक्याने मी अडलो होतो, आणि तेवढ्यात काका आत शिरले होते.

“चार्जरची पिन काढ, भाऊ. दमी गयं ते. पडू दे.”

“काका, ते काय बैल आहे का?”

“बैल परवडला. तो लाथ मारून सांगतो तरी.”

मग त्यांनी खुर्ची ओढली, खिशातून लांबट वही काढली आणि घड्याळ बघून काहीतरी लिहिलं. दर अर्ध्या तासाने हात लावायचा, लिहायचं. मिलमध्ये असंच करत, म्हणे. माझा रविवार असा तीस-तीस मिनिटांनी कापला जात होता. बाराला मी म्हणालो, “काका, तुम्ही जेवून या.”

“पाळी सोडून?”

एकला मी पिशवी घेऊन दुकानात निघालोच. काकांनी लॅपटॉपवरचा हात काढला नाही. “ऊन पडलंय भाऊ. गरम मशीन उन्हातून नेतोस?” सुनीता स्वयंपाकघरातून म्हणाली, “हात ओढून घेणार आहात का त्यांचा?” मी पिशवी खुंटीला लावली. यापेक्षा बॉयलर फुटलेला बरा, असंही मनात आलं.

तीन वाजून वीस मिनिटांनी बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. केतकीचा चेहराही. “आता लाव पिन,” काका म्हणाले. “पण लगेच बटण नको. दहा मिनिटं.” मी अकरा मोजली. बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला. प्रोजेक्ट जसाच्या तसा होता. मला अतिशय राग आला.

काकांनी वही पुढे केली. “पाळी संपली. सही लागते.”

वाचल्याशिवाय मी सही करत नाही. चष्मा लावला. त्यातल्या काही नोंदी :

‘११.०० मशीन गरम. पोरगी रडते. ११.३० मशीन गरम. पोरीने चहा नाकारला. १२.३० मशीन कोमट. पोरगी बापावर चिडली, चांगलं झालं. १.३० पोरीने दीड पोळी खाल्ली. २.०० पोरगी झोपली. आवाज करू नये.’

पान उलटून मागची पाहिली. तिथे आमचं घर नव्हतं. ‘८.०० चहा. ठीक. ९.०० ठीक. १०.०० ठीक.’ पानंच्या पानं तशीच, आणि सहीचा रकाना प्रत्येक पानावर कोरा.

जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, त्यावर मला सही करता येत नाही. ते रकाने तसेच राहिले. आजच्या पानावर केली, तारीख घातली, आणि म्हणालो, “काका, रोज रात्री आठला वही घेऊन येत जा. जेवायलाच या. माझं रोजच्या रोज बघून झालेलं बरं.”

“भाजीत तिखट जरा वाढवायला सांग मग,” काका म्हणाले, आणि जाता जाता त्यांनी आमच्या फ्रिजला हात लावला.

दुकानदाराला दिले : काही नाही. पाटीलकाकांना : त्या दिवशी सही एक, आणि तेव्हापासून रोज एक.