बेटावर उतरण्याबाबत

चार दिवसांच्या सागरी सहलीसाठी आम्ही एक छोटी यॉट घेतली. भाऊजी, ताई, माझी बायको आणि मी, असे चौघे. भाऊजी अधीक्षक म्हणून कार्यालयातून निवृत्त झाले होते, कार्यालय मात्र त्यांच्यातून निवृत्त व्हायला तयार नव्हतं. ताईची मागणी एकच होती, बेटाच्या वाळूत अनवाणी चालायचं. बत्तीस वर्षं ती हे मागत होती आणि पुढच्या महिन्यात तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं.

पहिल्या बेटापाशी कप्तानाने नांगर टाकला. होडक्यात तिघंच मावतात, तेव्हा दोन फेऱ्या करू, असं तो सहज बोलून गेला. पहिल्या फेरीत कोण, हे कोणत्या निकषावर ठरवणार, असं भाऊजींनी विचारलं. जो आधी बसेल तो, असं कप्तान म्हणाला. इतका बेजबाबदार माणूस समुद्रावर टिकला कसा, हे भाऊजींना शेवटपर्यंत कळलं नाही. लगेच समिती नेमली गेली. अध्यक्ष भाऊजी, सचिव मी. सभा आटोपली तेव्हा ओहोटी लागून सगळे खडक वर आले होते.

दुसऱ्या बेटापाशी ज्येष्ठता यादी लागली. माझ्या बायकोने हरकत घेतली, कारण यादीत तिचं खरं वय होतं. ताई म्हणाली, मी दुसऱ्या फेरीत जाते, भांडू नका. भाऊजींनी तिला समजावलं की हक्क सोडायलाही लेखी अर्ज लागतो. उद्या कुणी म्हणायला नको, बायकोवर अन्याय केला. तिने अर्ज दिला, मी त्यावर आवक क्रमांक टाकला. निर्णयाला तिघांची गणपूर्ती हवी होती. ताई अर्जदार म्हणून बाद, आणि माझी बायको बोट लागून आडवी झालेली.

तिसऱ्या दिवशी कप्तान हळूच म्हणाला, "ताई, चला, मी सोडतो तुम्हाला." भाऊजींनी त्याला कारणे दाखवा नोटीस दिली. त्यानंतर तो फार सुधारला. चौथ्या सकाळी समोर खडक दिसला, तेव्हा वळायचं की नाही हे त्याने समितीला विचारलं. वळण्याचा ठराव खडकाच्या हातभर अलीकडे एकमताने मंजूर झाला.

मग शेवटचं बेट आलं. वाळू इतकी जवळ होती की खेकड्यांची बिळं दिसत होती. होडकं पाण्यात होतं, शिडी लावलेली होती. ताई चपला हातात घेऊन उभी होती आणि तिला कुणीही धरलेलं नव्हतं. तिने भाऊजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिचा सख्खा भाऊ.

"ताई," मी म्हणालो, "आता एकच सही राहिलीय."

तासाभराने तिने चपला घातल्या. आम्ही धक्क्याला लागता लागता अर्ज मंजूर झाला. मंजुरीची प्रत तिने घडी घालून दवाखान्याच्या फायलीत ठेवली.

ऑपरेशन नीट झालं. वाळूत चालणं मात्र डॉक्टरांनी आता कायमचं बंद केलं आहे.

परवा तिने विचारलं, "तशीच उतरले असते तर कोणी काय केलं असतं रे?"

कोणी काहीच केलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तुम्हाला हसू आलं असेल तर हसा. फक्त आठवून सांगा, कुणालाही न विचारता तुम्ही शेवटचे कधी उतरला होतात?